माशांच्या पहाटेला चोचले म्हणू नका

मत्स्यालयाचा दिवा सकाळी एकदम न लावता हळूहळू उजळवावा आणि रात्री तसाच हळूहळू मंद करत विझवावा, असं कुणी सुचवलं की मासे पाळणाऱ्यांकडून ठरलेली उत्तरं येतात. ‘माशांना काय कळतंय?’ ‘आमचे मासे वर्षानुवर्षं खटक्यावर जगताहेत.’ ‘कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे.’ ‘नसता खर्च, वर शेवाळाला आमंत्रण.’ हे बोलणारी माणसं बेफिकीर नाहीत. त्यांतले कित्येक जण दर आठवड्याला न चुकता पाणी बदलतात, अमोनिया मोजतात, आजारी मासा वेगळा काढून त्याच्यासाठी रात्री जागतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायला हवा. नवा मासा आणला की त्याची पिशवी टाकीत तरंगत ठेवून पाण्याचं तापमान जुळेपर्यंत ते थांबतात. तोच मासा घरात रुळला की त्याच्यावर रोज दोनदा, एका खटक्यासरशी, हजारो पटींचा उजेड टाकला आणि काढून घेतला जातो. पहिल्या बाबतीत घाई चालत नाही आणि दुसऱ्या बाबतीत चालते, याला आधार काय?

आधी डोळ्याचं पाहू. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आलो की आपली बाहुली क्षणात आक्रसते, पापण्या मिटतात, हात आपोआप कपाळाशी जातो. घरी पाळल्या जाणाऱ्या बहुतेक माशांना पापणी नसते आणि त्यांची बाहुली जवळजवळ स्थिर असते. ईल, काही चपटे मासे, दुकानात ज्याला ‘सकर’ म्हणतात तो प्लेको असे थोडे अपवाद आहेत. प्लेकोच्या बुबुळाची एक झालर उजेडात खाली उतरून बाहुली झाकते. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, गप्पी, गोल्डफिश यांच्याकडे ही सोय नाही.

मग ते उजेडाशी जुळवून कसं घेतात? दृष्टिपटलातल्या पेशी जागा बदलतात. अंधारात मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी प्रकाशाच्या दिशेला पुढे येतात आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी लांबून मागे जातात. दिवस उजाडला की शंकूपेशी आखडून पुढे येतात, दंडपेशी मागे सरकतात आणि मागच्या थरातले काळे रंगकण पसरून त्यांना झाकतात. डोळ्यातली रासायनिक जुळवाजुळव चटकन सुरू होते, पण पेशींचं हे स्थलांतर जातीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं. शरीरशास्त्राला ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. रात्रीची मांडणी असलेल्या या डोळ्यावर दिवा एकदम पेटतो तेव्हा दंडपेशी उघड्यावर असतात आणि मासा तोंड फिरवण्यापलीकडे काही करू शकत नाही.

निसर्गात हा वेळ त्याला मिळतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंत साधारण २२ ते २५ मिनिटं जातात. तेवढ्यात उघड्यावरचा उजेड साडेतीन लक्सच्या आसपासवरून सुमारे ४०० लक्सपर्यंत चढतो. त्याआधीच्या फिकट उजेडाची पाऊण तासाची चढण वेगळीच. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत पोचतो, पण तोवर डोळा केव्हाच दिवसाचा झालेला असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, जिथून आपले निऑन टेट्रा मूळचे आले, तिथेही विषुववृत्ताजवळची पहाट जवळपास याच वेगाने उजाडते. उष्ण कटिबंधातली संध्याकाळ लवकर संपते हे खरं, पण ती कितीही लवकर संपली तरी एका क्षणात संपत नाही.

यावर एक प्रतिप्रश्न येतो: सूर्यावर ढग येतात, पावसाळ्यात भर दुपारी अंधारून येतं, मग माशांना अचानक बदलांची सवय नसते का? ढगामुळे लाखाचे दहा हजार लक्स होतात, फार तर दोन-तीन हजार. डोळा तेव्हाही दिवसाच्याच मांडणीत असतो. खटक्याने होणारा बदल काळोखातून थेट पाच हजार लक्सचा असतो. ढगाचं उदाहरण इथे लागूच पडत नाही.

‘माशांना काय कळतंय’ याचं उत्तर प्रयोगशाळांत रोज मिळतं. आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांत सापडणारा झेब्रा डॅनिओ, ज्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केलं, आज जगभरच्या जीवशास्त्राचा लाडका मासा आहे. उजेड अचानक काढून घेतला की या माशाचं काही दिवसांचं पिल्लूसुद्धा शरीर वळवून ठरावीक पद्धतीने दिशा बदलतं. ही प्रतिक्रिया इतकी भरवशाची आहे की तिचा उपयोग मज्जासंस्थेची चाचणी म्हणून केला जातो. २००० साली झेब्रा डॅनिओवरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली: त्याच्या हृदयातलं आणि मूत्रपिंडातलं जैविक घड्याळही थेट उजेडाने जुळवता येतं. त्यासाठी डोळ्याचीदेखील गरज पडत नाही. ज्याचं सारं शरीर उजेड वाचतं, त्याला उजेडातलं काही कळत नाही असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

प्रयोगशाळा नको असेल तर आपल्याच टाकीसमोर रात्री उशिरा उभं राहावं. बराच वेळ अंधारात असलेल्या निऑन टेट्रांवर दिवा टाकला की ते फिके दिसतात, लाल पट्टा जवळजवळ नाहीसा झालेला असतो, निळ्या पट्ट्याला जांभळट झाक असते. पेन्सिलफिशच्या अंगावरच्या आडव्या रेघा रात्री तुटून त्यांचे डाग झालेले दिसतात. हा त्यांचा रात्रीचा वेश आहे आणि तो उतरायला काही मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं मासा लख्ख उजेडात, रात्रीच्या अंगाने आणि रात्रीच्या डोळ्यांनी उभा असतो. कुणी काचेवर आपटतो, कुणी झुडपात घुसतो, हॅचेटफिशसारखे पृष्ठभागाजवळ राहणारे मासे झाकण नसेल तर बाहेर झेपावतात. मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. पाहूनही त्याला ‘सकाळची गडबड’ म्हणून सोडून दिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विरोधकांचा सर्वांत तगडा मुद्दा वेगळाच आहे आणि तो क्वचितच मांडला जातो. संधिप्रकाश ही निसर्गात शिकाऱ्यांची वेळ असते. मग घरच्या टाकीत ती मुद्दाम का आणायची? एडमंड हॉब्सन यांनी हवाईच्या कोना किनाऱ्यावर प्रवाळांतल्या माशांची पहाट आणि संध्याकाळ पाण्यात उतरून पाहिली आणि १९७२ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने दिवसा वावरणारे मासे कपारींत शिरतात, रात्रीचे अजून बाहेर पडलेले नसतात आणि मधला काही काळ प्रवाळ सुनसान असतं. मोठे शिकारी नेमके याच सुमाराला टपलेले असतात, कारण भक्ष्याचा डोळा तेव्हा ना दिवसाचा असतो ना रात्रीचा.

हे निरीक्षण माझ्या विरोधात जात नाही. लहान मासा त्या वेळी उघड्यावर नसतो, कारण मावळत्या उजेडाने त्याला आधीच निरोप दिलेला असतो. उजेड ओसरू लागला की त्याने आपली कपार गाठायची असते. रास मासे वाळूत शिरतात, पोपटमाशांतल्या काही जाती अंगाभोवती चिकट आवरण विणतात. रात्रीची ही तयारी उजेड असेतो उरकायची असते. खटका बंद केला की हा अवधीच नाहीसा होतो आणि मासा टाकीच्या मध्यावर, दिवसाचा डोळा घेऊन, काळोखात अडकतो. काळोखाला सरावायला तर उजेडाला सरावण्यापेक्षाही जास्त वेळ लागतो. टाकीत एखादा दांडगा सिक्लिड असेल तर हॉब्सन यांनी पाहिलेली धोक्याची वेळ आपण रोज रात्री स्वतःच्या हाताने तयार करतो, तीही लपायची संधी न देता. सकाळपेक्षा संध्याकाळ अधिक महत्त्वाची आहे असं मला वाटतं ते यामुळे.

‘टायमर रोज त्याच वेळी दिवा लावतो, माशाच्या शरीराला ती वेळ ठाऊक होते’ हेही सांगितलं जातं. यात तथ्य आहे. पूर्ण अंधारात ठेवलेल्या काही माशांच्या शंकूपेशी नेहमीच्या पहाटेच्या आधी हलू लागतात असं दिसलेलं आहे. नियमित वेळ पाळणं चांगलंच. पण शरीरातलं घड्याळ ही तयारी अर्धवटच करून ठेवतं, उरलेली प्रत्यक्ष उजेडानेच होते. आणि आपल्या किती घरांत ही नियमितता असते? सोमवारी शाळेच्या गडबडीत साडेसहाला लागणारा दिवा रविवारी नऊला लागतो.

राहिला ‘जगताहेत की’ हा युक्तिवाद. गोल्डफिश वाटीएवढ्या भांड्यातही काही वर्षं काढतो. म्हणून ते भांडं त्याला योग्य ठरलं का? फिल्टर नव्हते तेव्हाही मासे पाळले जात होते. हळूहळू उजाडणाऱ्या दिव्याने मासा दुप्पट जगेल असा दावा मी करत नाही. माझा दावा एवढाच आहे की रोज दोनदा होणारा, पूर्णपणे टाळता येणारा त्रास टाळण्यासाठी मासा मरण्याची वाट पाहायची नसते.

आता शेवाळ. ही तक्रार हिशेबाने सुटते. दिवा एका तासात शून्यापासून पूर्ण तेजापर्यंत सारख्या गतीने चढवला तर त्या तासातला एकूण उजेड अर्ध्या तासाच्या पूर्ण उजेडाइतका भरतो. पण तो सारख्या गतीने चढवायचाच नाही. पाच हजार लक्सचा दिवा सारख्या गतीने तासात चढवला तर पहिल्याच मिनिटाला ८० लक्स ओलांडतो, म्हणजे पहाटेचा बराचसा भाग एका मिनिटात उरकला जातो. उजेड वेळेच्या घनाच्या प्रमाणात वाढवावा. मग दहाव्या मिनिटाला सुमारे २३ लक्स, विसाव्याला १८५, तिसाव्याला ६२५ आणि साठाव्याला पाच हजार. साडेतीन लक्सपासून ४०० लक्सपर्यंतचा टप्पा या चढणीवर वीस मिनिटांच्या आसपास घेतो, म्हणजे खऱ्या पहाटेच्या बराच जवळ. या तासाचा एकूण उजेड पूर्ण तेजाच्या फक्त १५ मिनिटांइतका होतो. सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तास. पूर्ण तेजाचे आठ तास असतील तर ते साडेसात करावेत, हिशेब जिथल्या तिथे. वनस्पतींना मिळायचं ते मिळतं आणि शेवाळाला एक कणही जास्त मिळत नाही. टाकीत शेवाळ माजतं ते दिवा दहा-बारा तास जळत ठेवल्यामुळे, जास्तीच्या खाण्यामुळे आणि साचलेल्या नायट्रेट-फॉस्फेटमुळे.

खर्चाच्या मुद्द्यावर मी विरोधकांशी निम्मा सहमत आहे, कारण विक्रेत्यांनी या गोष्टीचा विचका केला आहे. ‘सनराइज मोड’ लिहिलेला दिवा घ्यावा तर त्यात नारिंगी सूर्योदय, गडगडाटासह विजा, सरकते ढग आणि रात्रभर निळं चांदणं, असा सगळा सरंजाम असतो. यातलं नारिंगी माणसासाठी आहे. क्षितिज केशरी दिसतं, पण डोक्यावरचं आकाश संधिप्रकाशात अधिकच निळं होतं, कारण वातावरणातून तिरपा लांब प्रवास करणाऱ्या प्रकाशातला नारिंगी-पिवळा भाग ओझोन शोषतो. स्वच्छ पाण्यातही लाल रंग आधी विरतो. मंझ आणि मॅकफार्लंड यांनी १९७३ मध्ये दाखवलं की उष्ण समुद्रांतल्या माशांच्या दंडपेशींतलं रंगद्रव्य ४९० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि संधिप्रकाश नेमका त्याच रंगाचा असतो. रिओ नेग्रोच्या चहाच्या रंगाच्या पाण्यात चित्र निराळं असतं, तिथे निळा प्रकाशच आधी शोषला जातो. पण माशाची गरज रंगाची नाही, हळूहळू होणाऱ्या बदलाची आहे. साध्या पांढऱ्या दिव्यानेही ती भागते. ज्याला नारिंगी आवडतं त्याने खुशाल ठेवावं. विजा मात्र बंद कराव्यात. एकदम झगमगणारा दिवा हाच ज्याचा त्रास, त्याला तोच करमणूक म्हणून दाखवणं चुकीचं आहे.

रात्रभरचं निळं चांदणं त्याहून वाईट. खरी पौर्णिमा पाव लक्सपेक्षा क्वचितच जास्त असते, महिन्याच्या मोजक्या रात्री असते आणि मावळते. माशाची पिनियल ग्रंथी डोक्याच्या कवटीतून उजेड टिपते आणि अंधारातच मेलाटोनिन सोडते. बर्लिनच्या संशोधकांना युरोपीय पर्च माशांत रात्रीच्या एका लक्सनेही मेलाटोनिन दबलेलं आढळलं. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्लाउनफिशच्या अंड्यांवर रात्रभर एलईडीचा उजेड ठेवला, तेव्हा त्यांतलं एकही अंडं फुटलं नाही. क्लाउनफिशची अंडी दिवेलागणीनंतरच्या अंधारातच फुटतात. म्हणजे मावळतीचा शेवट पूर्ण काळोखात व्हायला हवा. मावळती दाखवून मग दहा तास निळा दिवा ठेवणाऱ्या यंत्राने अर्धं काम करून उरलेलं बिघडवलेलं असतं.

महागड्या दिव्यांत आणखी एक खोट असते. तेज बदलण्याच्या २५५च पायऱ्या असतील तर पाच हजार लक्सच्या दिव्याची सर्वांत खालची पायरी सुमारे २० लक्सची होते, काळोखातून थेट तिथे. ४०९५ पायऱ्या असतील तर ती सव्वा लक्सवर येते. दुकानदाराला विचारायचा प्रश्न हा आहे. रंगांची संख्या विचारून काही कळत नाही.

हे सगळं विकत न घेताही करता येतं, म्हणून खर्चाचा आक्षेप मी शेवटपर्यंत मान्य करू शकत नाही. टाकी खिडकी असलेल्या हॉलमध्ये असेल तर खिडकीतून उजाडतंच. टाकीचा दिवा त्यानंतर दोन-तीन तासांनी लावावा, सकाळचा प्रश्न तिथेच संपतो. रात्री टाकीचा दिवा आधी घालवावा, हॉलची ट्यूब त्यानंतर अर्ध्या तासाने, आणि शक्य असेल तर मध्ये कोपऱ्यातला एखादा छोटा दिवा काही वेळ राहू द्यावा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: सगळं घर अंधारात, टाकी तेवढी झगझगीत आणि झोपायला जाताना शेवटचा खटका तिचा. हा क्रम बदलायला एक पैसा लागत नाही. थोडे पैसे घालायची तयारी असेल तर दोन दिवे दोन टायमरवर लावावेत, आधी लहान मग मोठा. मेटल हॅलाइडच्या काळात प्रवाळ पाळणारे हेच करत: आधी निळ्या ट्यूब, मागाहून मोठा दिवा.

हाताने यंत्र जुळवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. घरगुती एलईडी दिव्याला पंख्याचा रेग्युलेटर लावू नये. मंद करण्यासाठी न बनवलेला ड्रायव्हर त्यावर लुकलुकतो, तापतो आणि जळतो. १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी, आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ आणि कमी व्होल्टवर पुरता उघडणारा मॉस्फेट एवढ्यावर काम होतं. बटणसेल असलेलं डीएस ३२३१ घड्याळ त्याला जोडावंच. आपल्याकडे वीज जाते, आणि बिनबॅटरीचं घड्याळ वीज आल्यावर वेळ विसरून मध्यरात्री पहाट सुरू करतं. वीज परतल्यावर दिवा थेट पूर्ण तेजावर न जाता खालून चढेल अशी आज्ञाही प्रोग्रॅममध्ये असावी. ‘लोडशेडिंगमध्ये अंधार होतोच ना’ असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे: जे आपल्या हाती नाही ते अधूनमधून होणारच, पण जे हाती आहे ते रोज दोनदा का करायचं?

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे. माणसं दिवसभर बाहेर असतात, टाकी पाहायची असते ती रात्री, मुलं घरी आल्यावर, पाहुणे आल्यावर. दिवा नऊला मावळायला लागला तर मत्स्यालय ठेवायचं कशासाठी? माशाला दिवस किती वाजता सुरू होतो याच्याशी कर्तव्य नसतं, तो रोज त्याच वेळी, हळूहळू सुरू व्हावा एवढंच लागतं. दुपारी दीडला चढू लागलेला दिवा अडीचला पूर्ण तेजावर येईल, दहापर्यंत तसाच राहील आणि अकराला विझेल. पाहुणे साडेदहाला उठले तर टाकीत तेव्हा सांज झालेली असेल, मासे आपापल्या जागा धरत असतील, आणि तेही त्यांना दाखवण्यासारखंच आहे.